निळ्या बल्बाची नाडीपरीक्षा

मुंबई रेडिओवर पोंक्ष्यांच्या घरातल्या कुणाचं तरी भाषण होणार, ही बातमी आळीत पसरली तेव्हा तो मीच असं समजून निदान सहा जणांनी माझं अभिनंदन केलं. मी ते परत केलं नाही. मी पनवेलच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो, रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो आहे, आणि 'पाण्याचे गुणधर्म' हा माझा लेख एका मासिकाकडे दोन वर्षं विचाराधीन आहे. तेव्हा लोकांचा गैरसमज होणं स्वाभाविक होतं. रेडिओचं पत्र मात्र माझ्या बायकोच्या, 'सौ. सत्यवती पोंक्षे' या नावानं आलं होतं. बायकांच्या कार्यक्रमात, डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी एक वाजता, बारा मिनिटं.

"विषय काय?" मी विचारलं.

"घरगुती आहे," सत्यवती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तुम्हाला त्यात गोडी वाटणार नाही."

अठ्ठावन्न साल. आमच्या आळीत तोवर रेडिओ नव्हता. बाजारपेठेत दोघातिघांकडे होता, पण स्वतःच्या बायकोचं भाषण ऐकायला पोंक्षे मास्तरांनी दुसऱ्याच्या ओसरीवर, चपलांच्या शेजारी बसावं, हे आळीला पटेना. आळीला म्हणजे तुळशीरामशेठना. त्यांची भातगिरणी होती. लढाई संपल्यावर लष्करी मालाच्या लिलावात त्यांनी ताडपत्र्या घेतल्या होत्या, आणि ताडपत्र्यांबरोबर एक पेटी आली होती. शेवाळी रंगाची, लोखंडी, दोन माणसांना जेमतेम उचलेल अशी. आत रेडिओ होता आणि बाहेर कर्णा जोडायची सोयही होती. बारा वर्षं ती पेटी गिरणीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला टेकून उभी होती.

"मास्तर, तुम्ही विज्ञानाचे," शेठ चारचौघांत म्हणाले. "ही वाजवा. सगळी आळी ऐकेल."

"वाजवतो," मी म्हणालो.

मराठीत याहून सोपं क्रियापद नसेल.

पेटी हातगाडीवरून आमच्या ओटीवर आली, ती आडवी झोपून. उभी राहिली तर कलंडेल, असं हातगाडीवाल्याचं मत पडलं. मग परवाना. रेडिओ ठेवायला तेव्हा परवाना लागे, आणि परवान्याच्या अर्जात 'बनावट', म्हणजे कंपनीचं नाव, असा रकाना होता. माझ्या पेटीवर कुठलंच नाव नव्हतं, गंजानं सगळं खाऊन टाकलं होतं.

"नाव नसलेल्या यंत्राला परवाना देता येत नाही," खिडकीतले कारकून म्हणाले.

"मग मी एखादं नाव घालतो."

"खोटं नाव घालणं हा गुन्हा आहे."

"मग काय करू?"

"ते अर्जदारानं ठरवायचं असतं."

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मी त्या रकान्यात 'जुनी' असं लिहिलं. कारकुनांनी ते वाचलं, मान हलवली आणि शिक्का मारला. जुनी नावाची कंपनी कुठल्या देशातली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पेटीच्या पुढच्या अंगाला दोन बटणं होती. पहिल्या चाचणीला आळीतली बावीस माणसं ओटीवर आणि उरलेली रस्त्यावर होती. मी डावं बटण दाबलं. पेटीच्या जाळीमागे एका मोठ्या काचेच्या बल्बात उदबत्तीच्या टोकाएवढी लाली दिसली, आणि बस. कर्णा गप्प. मग वायरी तपासणं सुरू झालं. कर्ण्याचं तोंड पूर्वेला असावं की पश्चिमेला, यावर वाद झाला. शेजारच्या हौसाबाईंनी चहा आणला. एरियलची तार वैद्यांच्या कौलांवरून न्यायची, तर वैद्य घरी नव्हते. ते आले. या सगळ्यात अर्धा तास गेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "ते दुसरं बटण कशाला आहे?" मी ते दाबलं.

बल्ब निळा झाला.

निळा म्हणजे कसा, तर भर दुपारीही डोळा खिळून राहावा असा. काचेच्या पोटात कुणी नीळ पेटवावी तसा. आणि त्याच क्षणी कर्ण्यातून सरकीचे बाजारभाव इतक्या जोरात ओरडू लागले, की वडाळे तळ्यापर्यंतचे कावळे उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरकीच्या भावाला टाळ्या पडल्याचा पनवेलच्या इतिहासातला तो एकमेव प्रसंग असावा.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आमच्या आळीत वैद्य धारप राहतात.

धारप वैद्य जाळीला नाक लावून बराच वेळ बल्बाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, हा रंग चांगला नाही."

"का?"

"बल्ब पिवळा असतो. निरोगी बल्ब पिवळा. हा निळा पडलाय. माणूस निळा पडला तर आपण काय समजतो?"

गर्दी एक पाऊल मागे सरली. मी शांतपणे समजावून सांगितलं. या बल्बाला रेक्टिफायर म्हणतात. घरात येणारी वीज सारखी येरझाऱ्या घालत असते, तिला हा एकाच दिशेनं चालायला लावतो, तेव्हा कुठं रेडिओला ती उपयोगाची. या बल्बात थोडासा पारा असतो, त्याची वाफ होते, आणि वाफेतून वीज गेली की निळा उजेड पडतो. निळाच पडायचा. म्हणजे तो ठणठणीत आहे.

हे मी बोललो ते अक्षरशः खरं होतं. पुढल्या तीन आठवड्यांत मी केलेलं शेवटचं खरं विधान.

"पारा?" वैद्यांचे डोळे चमकले. "म्हणजे पारद आहे आत?"

"आहे."

"शुद्ध केलेला की तसाच?"

"ते मला माहीत नाही."

"तसाच असेल," वैद्य सगळ्यांकडे वळून म्हणाले. "न बांधलेला पारद. तो कोपणार."

दोन दिवस येणारा-जाणारा प्रत्येक जण ओटीवर थांबून विचारू लागला, "काय मास्तर, कसं काय आहे बल्बाचं?" घरात कुणी अंथरुणाला खिळलंय अशा आवाजात. तिसऱ्या दिवशी तो निळा रंग मलाही जरा जास्तच निळा वाटू लागला. लोकमताचा परिणाम विज्ञानावर होत नाही, असं मी मुलांना शिकवतो. विज्ञानाच्या शिक्षकावर होतो.

आणि त्याच तिसऱ्या दिवशी मी ती सुधारणा केली. एका यंत्राला दोन बटणं, हे मला पहिल्यापासून खटकत होतं. आधी एक दाबायचं, मग दुसरं दाबायचं. एकानं भागत असताना दोन कशाला? लष्करात माणसं फुकट असतात, त्यांना काम द्यायला ठेवलं असेल. मी पेटीची पाठ उघडली, दोन्ही बटणांच्या वायरी एकत्र केल्या, एक बटण काढून टाकलं आणि भोकाला सुबकसं बूच बसवलं. तुळशीरामशेठ म्हणाले, "शिकलेला माणूस तो शिकलेला माणूस."

संध्याकाळी बटण दाबलं. जाळीमागे वीज चमकावी तसा लखकन उजेड झाला, 'फट्' असा आवाज झाला आणि घरातले सगळे दिवे गेले.

"कोपला," धारप वैद्य अंधारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

फ्यूज घातला, बटण दाबलं, फट्. परत घातला, परत फट्. कधी तो चुकून टिके, मग पेटी चार-पाच मिनिटं बोले, पण भाषणामागे कुणीतरी घोरतंय अशी गुरगुर येई. बल्बाच्या काचेवर आतून पाऱ्याचे बारीक थेंब दिसू लागले होते. वैद्य म्हणाले, घाम फुटलाय. मी एक वही घेतली, रकाने पाडले आणि रोज सकाळ-संध्याकाळ बल्बाचा रंग टिपू लागलो. 'मोरपिशी. जांभुळका. गढूळ निळा, गुरगुर मध्यम. फट्.' एकदा वैद्यांनी वही मागून घेतली आणि समोरच्या रकान्यात स्वतःच्या हातानं 'वातप्रकोप' असं लिहिलं. मी ते खोडलं नाही. एव्हाना माझ्याकडे त्याहून बरं निदान नव्हतं.

सत्यवती या काळात स्वयंपाकघरात भाषण वाचत असे. मी आत गेलो की थांबे. एकदा मात्र पोळी लाटता लाटता म्हणाली, "होईल ना हो दुरुस्त? हौसाबाईंनी कामोठ्याच्या नणंदेला बोलावलंय. तिला मी ऐकू येईन असं सांगितलंय."

"होईल म्हणजे काय," मी म्हणालो. "बल्ब गेलाय, दुसरं काही नाही. नवा आणतो."

मी एस.टी.नं ठाण्याला आणि तिथून मुंबईला गेलो. जुन्या रेडिओसामानाच्या एका दुकानात, छतापर्यंत रचलेल्या ढिगाखालून दुकानदारानं तसाच एक बल्ब काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाला, "लाखों में एक. बस, सीधा पकड़ना. उलटा नहीं करना."

मी तो ठाण्याहून पनवेलपर्यंत दोन्ही हातांत सरळ धरून आणला. खाडीजवळच्या वळणांवर गाडी डाव्या अंगाला झुकली की मी उजव्या अंगाला झुकत होतो. शेजारच्या बाईंनी मला मळमळतंय असं समजून खिडकीची जागा दिली. इतकी काळजी मी माझ्या पहिल्या मुलाला दवाखान्यातून आणतानाही घेतली नव्हती, असं त्याची आई म्हणते.

पनवेलला जकातीच्या नाक्यावर मला उतरवलं.

"काय आहे?"

"बल्ब."

"काचसामान," नाकेदार लिहू लागले. मग थांबले. "विजेचा आहे?"

"हो."

"मग विजेचं सामान. आत काय हलतंय?"

"पारा."

नाकेदारांनी टाक खाली ठेवला. "पारा म्हणजे धातू. धातूला वेगळा दर आहे. आणि औषधी पारा असला तर आणखी वेगळा. औषधी आहे का?"

"अहो, हा रेडिओचा—"

"बघू."

त्यांनी माझ्या हातातून बल्ब घेतला आणि पारा वाहतो की नाही हे बघायला तो उलटा केला. मग सुलटा केला. मग परत उलटा करून कानाशी हलवला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो बायकांनी भरलेल्या एस.टी.समोर शिक्षकाच्या तोंडून निघू नये असा होता. शेवटी काच, वीज, धातू आणि औषध यांपैकी कशातच बसेना म्हणून त्यांनी तो 'इतर' मध्ये घालून सोडून दिला.

नवा बल्ब बसवला. बटण दाबलं. फट्. फ्यूज घालून पुन्हा दाबलं, तर निळा उजेड आला खरा, पण अर्धाच, आणि गुरगुर अशी की ओटीवरचं मांजर पाठ फुगवून निघून गेलं.

वैद्य म्हणाले, "हाही गेला. तुमच्या घरात पारद टिकत नाही, मास्तर. जुना तुम्हाला आता काय कामाचा? मला द्या. मी सोडवतो त्याला. एक रसायन करायचं बरेच दिवस मनात आहे."

मी रागाच्या भरात तो जुना बल्ब त्यांच्या हातात ठेवला.

बुधवारी सकाळी सत्यवती दादरला भावाकडे गेली. एस.टी.त चढताना तिनं पेटीबद्दल काही विचारलं नाही. "लोणचं वरच्या फळीवर आहे," एवढंच म्हणाली. न विचारण्याचे प्रकार असतात, आणि हा त्यातला वाईट प्रकार होता. गाडी गेल्यावर मी घरी येऊन त्या लोखंडी पेटीसमोर बसलो. मला पहिल्यांदाच वाटलं, की हिला आयुष्यात बारा मिनिटं मिळाली आहेत, आणि तीही मी 'फट्' करून टाकणार.

गुरुवारी सकाळी काशीराम आला. काशीराम हा जासईचा. त्यांची मिठागरं होती, आणि दर महिन्याला तो आळीत मीठ घालायला येई. मापटं भरता भरता त्याची नजर ओटीवर गेली आणि मापटं तसंच राहिलं.

"ह्यो हितं कसा आला?" तो म्हणाला.

"काशीराम, तू आपलं मीठ घाल," मी म्हणालो. "ते तुझ्या कामाचं नाही."

"मास्तर, लढाईच्या टायमाला उरणला मिलिटरीच्या ठाण्यावर मी तीन वरसां व्हतो. वायरलेसच्या खोलीत. असला डबा रोज सकाळी मीच चालू करायचो." तो पेटीजवळ उकिडवा बसला. जाळीतून आत बघितलं. मग पुढच्या अंगावरून बोट फिरवलं आणि बुचावर थांबलं. "दुसरा बटन कुठं हाय?"

मी खाकरलो. "ते मी... सुधारलं."

"म्हंजी?"

"काढलं. दोघांचं एक केलं."

काशीराम माझ्याकडे बघत राहिला. हसला असता तर बरं झालं असतं. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "पैल्या बटनानं बल्ब तापतो निस्ता. पारा हाय ना त्यात, तो थंड असला का भलत्या जागी चिकटून बसतो. त्याला गरम करून जाग्यावर यायला येळ द्यावा लागतो. आमी पैला बटन दाबायचो, मंग चा प्याचो, मंग दुसरा बटन. घाई केली का फाट करून उडायचा. आन डबा कुठून हलवून आनला, आडवा केला, तर अर्धा तास. सायेब घड्याळ लावून बसायचा."

मी बी. एस्सी. आहे. पाऱ्याचा अणुभार मला झोपेतही सांगता येतो. पारा थंड असताना कुठं जाऊन बसतो, हे मला चौथी शिकलेल्या माणसानं मापटं हातात धरून सांगितलं, आणि ते ऐकता ऐकता पहिल्या दिवशीचा तो अर्धा तास, ती कर्ण्याची पूर्व-पश्चिम आणि हौसाबाईंचा चहा माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

"काशीराम," मी म्हणालो, "तुम्ही जरा आत येऊन बसता का?"

तुम्ही हा शब्द मी त्याच्याशी पहिल्यांदाच वापरला. गरज पडली की व्याकरण सुधारतं.

आम्ही पेटीची पाठ उघडली. मी बूच काढलं, दुसरं बटण परत बसवलं, वायरी सोडवून पूर्वीच्या जागी लावल्या. डावं बटण दाबून घड्याळ समोर ठेवलं. अर्धा तास आम्ही काट्याकडे बघत बसलो. काचेवरचे थेंब एकेक करून नाहीसे झाले. मग काशीरामनं दुसरं बटण दाबलं. फट् झालं नाही. बल्ब निळा झाला, पण अर्धा. त्याच्या पोटात दोन कप्पे होते, त्यातला एक उजळला आणि दुसरा काळाच राहिला. कर्णा गुरगुरला.

"ह्यो खरा मेलेला हाय," काशीराम म्हणाला. "एक फुप्फुस गेलं ह्याचं. मुंबईवाल्यानं मेलेला दिला तुमाला. ह्याच्या आधीचा कुठं हाय? तो असा अर्धा पेटायचा?"

"नाही. पुरता पेटायचा. पुरता निळा."

"मंग तो चांगला हाय. आना."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या तशाच धारप वैद्यांकडे धावलो. वैद्य सोवळं नेसून पाटावर बसले होते. समोर खल, शेजारी गंधकाची पुडी, आणि फडक्यावर, आडवा, माझा बल्ब. हातात बत्ता.

"वैद्यराज, थांबा!"

"थांबलोच आहे," वैद्य म्हणाले. "गुरुपुष्य बारा वाजून सात मिनिटांनी लागतो. त्याआधी फोडत नाहीत."

ज्योतिषावर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी पुष्य नक्षत्र वीस मिनिटं आधी लागलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी टाळतो.

"तो जिवंत आहे," मी म्हणालो.

"पण दिलेली वस्तू—"

"सत्यवतीचं भाषण आहे, वैद्यराज. एक वाजता."

वैद्यांनी बत्ता खाली ठेवला. मला कबूल करायला हवं, की त्यांनी एक क्षणही घेतला नाही. नंतर मात्र पंचाहत्तर पावलांच्या अंतरात ते सोवळ्यानंच माझ्यामागून येत तीनदा म्हणाले, की तो आडवा ठेवल्यानंच विश्रांती मिळून सुधारला असणार.

आडवा ठेवलेला, म्हणजे अर्धा तास. बारा वाजून दहा मिनिटांनी डावं बटण दाबलं. साडेबारापर्यंत आळी भरली. हेडमास्तरांसाठी खुर्ची आली, कामोठ्याची नणंद आली, हौसाबाईंनी बायकांना पायरीवर बसवलं. तुळशीरामशेठ म्हणाले, "मास्तर, दाबा आता." कुणी म्हणालं, निदान लावून तर बघू. कुणी म्हणालं, तिथं रेडिओवर कुणी आपल्यासाठी थांबत नसतं, एकला एक म्हणजे एक. काशीराम मात्र पेटीपुढे मांडी घालून बसला होता, उजव्या बटणावर तळहात ठेवून.

"अरे, तो मिठवाला कोण तिथं? त्याला उठवा," मागून आवाज आला.

"त्यांना कुणी हात लावायचा नाही," मी म्हणालो. माझा आवाज वर्गात जसा लागतो तसा लागला, आणि आळी गप्प झाली.

बारा चाळीसला काशीरामनं हात उचलला. "दाबा, मास्तर. तुमीच दाबा."

मी दाबलं. बल्ब निळा झाला. दोन्ही अंगांनी, स्थिर, गुरगुरीचा मागमूस नाही. आळीतून एक निःश्वास गेला. वैद्यदेखील म्हणाले, "सुरेख रंग आहे."

एक वाजता निवेदिका बोलली. "आता ऐका सौ. सत्यवती पोंक्षे, पनवेल, यांचं भाषण. विषय आहे : घरातल्या दुरुस्त्या — कुणी कराव्यात आणि कुणी करू नयेत."

आळीनं वळून माझ्याकडे बघितलं.

"माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत," सत्यवतीचा आवाज कर्ण्यातून निघाला. इतका स्वच्छ की शब्दाशब्दामधला तिचा श्वास ऐकू येत होता. "खूप शिकलेले आहेत. त्यांना कुठलीही वस्तू बंद दिसली की ती उघडावीशी वाटते, आणि चालू दिसली की सुधारावीशी वाटते."

हौसाबाईंनी पदर तोंडात कोंबला. गजराच्या घड्याळाची हकिकत झाली. ते घड्याळ गृहस्थांनी तेल घालून बसवलं आणि तेव्हापासून ते फक्त दुपारी तीनला वाजतं, कुठलाही गजर लावा. एव्हाना तुळशीरामशेठ खांब धरून हसत होते. मग स्टोव्ह झाला, ज्याला गृहस्थांनी 'तेल वाचवायला' नवं तोंड बसवलं आणि ज्यानं छतावर अजून दिसेल असा काळा गोल काढला. हेडमास्तर खुर्चीत बसल्या बसल्या डोळे पुसत होते. मग छत्री. ती गृहस्थांनी दुरुस्त केल्यापासून उलटीच उघडते, आणि गेल्या श्रावणात बाजारपेठेत दोन माणसांनी भिजत चाललेल्या गृहस्थांना, ते फुलांची परडी घेऊन निघालेत असं समजून, वाट दिली.

माझा हात बटणाकडे गेला. फक्त एक बोट. कुणाला दिसलं नसतं, आणि आळीनं बल्बालाच दोष दिला असता. काशीरामनं माझं मनगट धरलं.

"र्‍हाऊ द्या, मास्तर," तो म्हणाला. "बाय बोलतेय."

मी हात मागे घेतला. आणि हसण्याच्या त्या कल्लोळात, मी कर्ण्याच्या अगदी बुडाशी होतो म्हणून, मला शेवटचं वाक्य ऐकू आलं. बाकी कुणाला आलं नसावं.

"काही घरांत कुणीच काही उघडून बघत नाही," ती म्हणाली. "त्या घरांतली घड्याळं बरोबर चालतात. पण त्या घरांत करमत असेल असं मला वाटत नाही."

मग सतार वाजू लागली.

लोक पांगताना धारप वैद्य माझ्याजवळ आले आणि त्यांनी त्या तीन आठवड्यांतला एकमेव उपयोगी सल्ला दिला. "मास्तर, वहिनींना सांगा, बल्ब उडाला, काही ऐकू आलं नाही. आम्ही कुणी बोलणार नाही. पुरुषाची जात आहे, आम्हाला कळतं." तुळशीरामशेठनी मान डोलावली. हौसाबाईंनाही ताकीद देण्यात आली.

साडेसहाच्या एस.टी.तून सत्यवती स्टँडवर उतरली. चेहरा उतरलेला, हातात पिशवी. मी वाक्य तयार ठेवलं होतं : 'अगं, बल्ब ऐन वेळी...'

"शेवटी जरा गडबड झाली," ती मला बोलूच न देता म्हणाली. "शेवटचं वाक्य कागदावर नव्हतंच. काचेपलीकडून त्या रेडिओच्या बाई घड्याळ दाखवत होत्या, वेळ संपली म्हणून, तरी मी म्हटलं. चांगल्याच रागावल्या. परत काही बोलावत नाहीत मला." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "आलं का हो ऐकू? की पेटी..."

तयार ठेवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. आळी माझ्या बाजूनं होती. तिचे डोळे मात्र माझ्या तोंडाकडे लागले होते, आणि प्रश्न पेटीबद्दलचा नव्हता.

"आलं," मी म्हणालो. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटचंही. इतर लोक हसत होते, त्यांना ते आलं नाही. मला आलं."

पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली, आणि मग माझ्याकडे दिली.

"पण छत्रीचं साफ खोटं आहे," मी टांग्याकडे चालता चालता म्हणालो. "ती मी दुरुस्त करायच्या आधीपासूनच उलटी उघडत होती."

"आधी ती उघडतच नव्हती."

"म्हणजे सुधारणाच झाली की!"

"बसा, मास्तर," टांगेवाला लगाम सोडत म्हणाला. कर्ण्याचा आवाज स्टँडपर्यंत आला असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं मागे वळून आदरानं सत्यवतीला विचारलं, "बाई, ते तीनला वाजणारं घड्याळ इकणार काय? मना रोज तीनलाच घोडा जुपायचा असतो."

सत्यवती इतकी हसली की तिला टांग्याचा दांडा धरावा लागला. मी शक्य तितक्या प्रतिष्ठेनं पिशवी मांडीवर घेतली आणि त्याला घराचा पत्ता सांगितला.